चुन्याच्या रेषेअलीकडे

गुरुवार, १५ एप्रिल २०२१

शिक्षण कार्यालयाने ही वही मला दैनंदिन पाठांच्या नोंदीसाठी दिली आहे. पुढचे चौदा दिवस मला एकही पाठ घ्यायचा नाही. तेव्हा हिच्यात मी माझ्याच नोंदी करीन. कार्यालयाकडे सोपवण्यापूर्वी ही पाने फाडता येतील.

ट्रक दुपारी चाकीमायोला, या डोंगरातल्या वस्तीत, पोचला. फाटकाला साखळी आहे. गेले वर्षभर असते. वस्तीत आजवर एकालाही कोरोनाची लागण झालेली नाही, ती या साखळीमुळे, असे सगळे मानतात. साखळीच्या आत येणारी पहिली परकी व्यक्ती मी. फाटकावर तिघे होते: वस्तीचे अध्यक्ष एवारिस्तोकाका, पाठीला फवारणीचा पंप बांधलेला फर्मिन, आणि शाळेच्या मुलांचे जेवण रांधणाऱ्या साबिनाआजी.

"हात पुढे करा, बाई," फर्मिन म्हणाला. "आता बूट. आता पिशवी. हिच्यात काय आहे?"

"पुस्तकं आहेत. त्यांच्यावर नको."

हे मी फारच हळू म्हणाले असणार, कारण त्याने ती फवारली.

मग काकांनी ठरावांच्या वहीतून वाचून दाखवले. नव्या बाईंनी चौदा दिवस शाळेत एकटे राहावे. शाळेभोवती चुन्याची रेषा आखली आहे. ती आतून किंवा बाहेरून कोणी ओलांडू नये. रोज सकाळी सात वाजता बाईंनी ताप मोजून आकडा मोठ्याने सांगावा. तीस तारखेला सभा भरेल. बाई ठणठणीत असल्या आणि सर्वांची संमती मिळाली, तर सोमवारी, तीन मे रोजी शाळा उघडेल.

"ऐकू आलं ना सगळं?"

मी मान हलवली.

"झालं तर मग," साबिनाआजी म्हणाल्या. "आता घसा ओला करू. पोरगी कुस्कोहून आलीय, तोंड बघा तिचं, सुकवलेल्या बटाट्यासारखं झालंय."

त्यांनी मक्याच्या चिचेचा, आंबवलेल्या पेयाचा, घडा उघडला. पेला एकच, तो नेहमी एकच असतो. काकांनी पहिली धार धरणीमातेला वाहिली, उरलेले ते प्याले, आणि पेला पुन्हा भरून माझ्या हाती दिला. मी प्याले. माझ्यामागून आजी, आजींमागून फर्मिन. त्यानंतर मला रेषेच्या आत सोडण्यात आले.

शुक्रवार, १६ एप्रिल

३६.४.

जाग आली ती पेल्याच्या विचाराने. हात फवारले, बूट फवारले, पुस्तके फवारली. आणि मग चौघे एकमेकांचे उष्टे प्यालो. काल ट्रकमध्ये माझ्या खांद्याला खांदा लावून बसलेला माणूस सारा वेळ खोकत होता. त्याच्याकडून मला काही मिळाले असेल, तर ते काल दुपारीच आजींच्या ओठांपर्यंत गेले. आजी सत्तरीच्या आहेत.

मला तेव्हाच कळले होते का? येथे कोणी वाचणार नाही, म्हणून लिहिते: कळले होते. पेला हाती आला त्याच क्षणी. परंतु पेला परत करणे म्हणजे देणाऱ्याला परत पाठवणे. तसे माझ्या घरात कोणी कधी केलेले नाही. शिवाय मी अशी मुलगी आहे, की अध्यापन विद्यालयात पहिली आले, तरी पाच वर्षांत एकदाही हात वर केला नाही.

आता खिडकीतून ओरडून अध्यक्षांना सांगू का, की काल आपली चूक झाली? त्यांच्या ध्यानात आले नसेल, तर मी त्यांना भयात लोटीन. आले असेल, तर ते स्वतः सांगतील.

रविवार, १८ एप्रिल

३६.५.

माझ्यावर तिघांची नेमणूक झालेली दिसते. जेवण आजीच आणून रेषेवरच्या दगडावर ठेवतात, लाकडे फर्मिनच टाकतो, आणि काका भोंगा घेऊन समोरच्या उतारावर बसतात. वस्तीतले इतर कोणी येत नाही. आश्चर्य म्हणजे इतर लोक या तिघांच्याही जवळ जात नाहीत. काकांची बायको त्यांचा डबा वाटेतल्या दगडावर ठेवते आणि परत फिरते. पहारेकऱ्यांशी कोणी सलगी करीत नसावे. वरच्या बाजूला ओझी वाहणाऱ्या लामांचा रिकामा गोठा आहे, तेथून सकाळ-संध्याकाळ धूर निघतो. मेंढपाळ असतील.

आज मुले आली. रेषेच्या बाहेर वीस पावलांवर दगडी बांध आहे. त्यावर अकरा टोप्या ओळीने बसल्या आणि मी काय करते ते पाहू लागल्या. मी वाचत होते. मी पान उलटले, की ती एकमेकांना कोपराने ढोसत. तासाभराने एक मुलगी उभी राहिली.

"बाई, अपूर्णांकांची बेरीज तिथून सांगता येते का?"

तिचे नाव रोस्मेरी सुल्का. सहावीत आहे, साबिनाआजींची नात. आईवडील नाहीत. गेले वर्षभर पाठ रेडिओवरून झाले.

"रेडिओ चांगला शिकवायचा," ती म्हणाली. "पण त्याला काही विचारलं, की तो पुढचंच बोलायला लागायचा."

मी फळा ओढत दारात आणला. माझा आवाज बांधापर्यंत पोचेना. "मोठ्यानं, बाई!" मुले ओरडली. मी पुन्हा बोलले. "अजून मोठ्यानं!" शेवटी 'छेद समान करा' हे मी ज्या आवाजात म्हणाले, तो आवाज माझ्यात होता हे मला ठाऊक नव्हते. वरच्या कुरणातल्या लामांनीही माना वळवल्या.

बुधवार, २१ एप्रिल

३६.४.

सकाळी नऊ ते दुपारी तीन पाठ चालतात. याला पाठ म्हणावे की नाही, ठाऊक नाही. ठरावात याचा उल्लेख नाही, आणि काका उतारावरून पाहतात, पण काही म्हणत नाहीत. येथील हवा इतकी विरळ आहे, की एक वाक्य ओरडले की थांबून श्वास घ्यावा लागतो.

आज आजींशी बोलणे झाले. त्यांनी रस्सा दगडावर ठेवला, दहा पावले मागे गेल्या आणि बसल्या. काल मी भांडे न विसळता ठेवले होते, म्हणून त्या मला बोलतील असे वाटले.

"खात नाहीस तू," त्या म्हणाल्या. "वाटीत बटाटे उरलेले असतात."

"खाते, आजी."

"खा. तुझ्यात आता माझी पोर अडकलीय."

मग त्यांनी सांगितले. रोस्मेरीची धर्ममाता नोर्मा याच वस्तीतली. लग्न होऊन शहरात गेली. बाप्तिस्म्याच्या वेळी तिने पोरीला हातांवर घेतले, म्हणून तिचा पोरीवर हक्क आहे. गेल्या वर्षी शाळा बंद पडली तेव्हा ती म्हणाली, की येथे पोर लामांमागे फिरून वाया जाईल, माझ्याकडे द्या. आजींनी मुदत मागून घेतली. तीन मे, क्रुसाचा सण. त्या दिवशी शाळा सुरू असेल तर पोर राहील, नसेल तर नोर्माची.

"शहरात तिला शाळेत घालतील ना?" मी विचारले.

"घालतील तर! माझ्या बहिणीच्या नातीला घातलं तसंच. दोन वर्षं झाली तिकडं जाऊन. शाळेचं फाटक कोणत्या रंगाचं आहे, ते सांगता येत नाही तिला. कपबशा किती आहेत ते विचार, घडाघडा सांगेल."

"मग शब्द का दिलात?"

आजींनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी बेरीज चुकले होते. "धर्ममातेला नाही म्हणतात होय?"

रोस्मेरी बांधावरून हे ऐकत होती. आजी उठून तिच्या दिशेने दोन पावले गेल्या आणि थांबल्या. दोघी दुरूनच एकमेकींकडे पाहत राहिल्या. काही भांडण झाले असावे. नाहीतर आजी आणि नात एवढे अंतर ठेवून का उभ्या राहतील?

शुक्रवार, २३ एप्रिल

घसा कालपासून खवखवतो आहे. सकाळी साडेसहाला ताप मोजला: ३७.८. तापमापक झटकला, दहा मिनिटे थांबले, पुन्हा मोजला: ३७.८.

सात वाजता उतारावरून भोंगा घुमला. "बाई, किती?"

उतारावर काका होते, हाती लेखणी. बांधावर मुले आधीच येऊन बसली होती. रोस्मेरीने गुडघ्यावर वही उघडून ठेवली होती.

"छत्तीस पाच," मी म्हणाले.

"मोठ्यानं!"

"छत्तीस, पाच!"

त्यांनी लिहून घेतले. खोटे एकदा बोलणे सोपे असते. ते मला दुसऱ्यांदा, मोठ्याने बोलावे लागले.

त्यानंतर मी सहा तास इतिहास शिकवला.

शनिवार, २४ एप्रिल

३८.१. सांगितले ३६.६.

माझ्या मनात दोन बाजू वाद घालतात, आणि दोन्ही माझ्याच आवाजात बोलतात. एक म्हणते: तू वीस पावले दूर आहेस, रेषा ओलांडलेली नाहीस, तुझ्यापासून कोणालाही धोका नाही, सहा दिवस गप्प राहिलीस तर ताप उतरेल, शाळा उघडेल, ती मुलगी वाचेल. दुसरी फक्त एवढेच म्हणते: पेला.

दुपारी जेवण फर्मिनने आणले.

"आजी कुठे आहेत?"

"निजलीय म्हातारी."

"बरं नाही का?"

"म्हातारं माणूस आहे, बाई. खोकतं कधीमधी." तो झटकन वळला. माझ्यापासून काही लपवताना माणसे जशी वळतात, तसा.

आजी खोकत आहेत. माझ्यामागून पेला त्यांनीच तोंडाला लावला होता.

दुपारनंतर पाठ घेतला नाही. मुलांना निबंध लिहायला सांगितला आणि दार लावून घेतले. रोस्मेरीने निबंध संपवून दुरूनच वही उंच धरली. एवढ्या अंतरावरून मला एक अक्षरही वाचता आले नाही, तरी मी 'छान' अशी खूण केली. हेही खोटेच.

रविवार, २५ एप्रिल

आज जे झाले ते क्रमाने लिहिते.

सकाळी ३७.४. भोंग्याने विचारले, "किती?" रविवार असल्याने अर्धी वस्ती उतारावर होती.

मी रेषेपर्यंत चालत गेले. "सदतीस चार," मी म्हणाले. "काल अडतीस एक होता. परवा सदतीस आठ. मी दोन दिवस खोटं बोलले."

घसा इतका बसला होता, की हे कोणी ऐकले नसेल असे वाटले. परंतु सगळ्यांनी ऐकले. मुलांच्या आया बांधाकडे धावल्या आणि मुलांना ओढून घेऊन गेल्या. एका आईच्या हातून एका मुलाची टोपी पडली; ती कोणी उचलली नाही.

काकांनी भोंगा खाली ठेवला आणि ते पायी रेषेपाशी आले. दहा पावलांवर थांबले.

"आणि पेला," मी म्हणाले. "काका, त्या दिवशी तुमच्यानंतर मी प्याले. माझ्यानंतर आजी. आजींना माझ्यामुळे झालंय. मला तेव्हाच कळलं होतं."

काकांनी वरच्या गोठ्याकडे हात केला.

"म्हातारी तिथं आहे. आम्ही तिघंही तिथंच आहोत. पंधरा तारखेपासून."

मला कळेना.

"तुम्हाला आत सोडून परत निघालो, तर म्हातारी वाटेतच थांबली. म्हणाली, 'एवारिस्तो, आपण गाढव आहोत.' मी म्हटलं, का गं? तिनं पेला वर धरून दाखवला." काकांनी टोपी काढली. "घरी जायची सोय राहिली नाही. बायकोला लांबूनच ओरडून सांगितलं. चार दिवस बोलली नाही ती माझ्याशी, नुसता डबा आपटायची दगडावर."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"काय सांगू? स्वतःच्या हातानं ओतून दिला, आणि आता म्हणू, की तुमचं उष्टं प्यालो म्हणून गोठ्यात झोपतोय? पाहुणीला असं सांगतात होय?" त्यांनी टोपी पुन्हा घातली. "तुम्ही का नाही सांगितलंत, बाई?"

माझेही उत्तर तेच होते.

काकांनी फर्मिनला परिचारिकेला निरोप द्यायला डोंगरमाथ्यावर पाठवले. फोन तेथेच लागतो.

सोमवार, २६ एप्रिल

परिचारिका एल्विरा दुपारी मोटरसायकलवरून आली. तिने चौघांच्या नाकात काड्या घातल्या. फर्मिनच्या डोळ्यांतून पाणी आले, तेव्हा ती म्हणाली, "बायकोसमोर नाही रडलास कधी, माझ्यासमोर बरा रडतोस!"

चौघांनाही लागण नाही. आजींचा खोकला गोठ्यातल्या धुराचा.

"एका काडीवर कुणी शपथ घेऊ नका," एल्विराने बजावले. "चुकतेही कधी." मग तिने रेषेबाहेरूनच विजेरी मारून माझा घसा पाहिला. "दिवसाला किती तास बोलता?"

"सहा."

"बोलता की ओरडता?"

बांधाकडे बोट दाखवून मी अंतर सांगितले. तिने कपाळाला हात लावला. घसा सुजून पिकला आहे, ताप त्याचाच. तिने गोळ्या दिल्या आणि सांगितले, की आठवडाभर शब्दही बोलायचा नाही.

मला हायसे वाटायला हवे. परंतु आज बांधावर कोणीही बसलेले नव्हते.

शुक्रवार, ३० एप्रिल

सभा शाळेसमोरच्या उतारावर भरली. मी दारात उभी होते, गळ्याभोवती लोकरी पट्टा. काकांनी परिचारिकेचा कागद वाचला आणि कोणाला काही म्हणायचे आहे का, असे विचारले. मग दोन मुलांचे वडील, हुस्तिनो, उभे राहिले. ते रागावलेले नव्हते. रागावलेले असते तर मला बरे वाटले असते.

"बाईला कोरोना नाही, कबूल. पण ताप होता, आणि ती नाही म्हणाली. उद्या माझं पोर तिच्यापुढं पडलं, हात मोडला, तर संध्याकाळी मला काय सांगणार? पडलं नाही म्हणून? बाई हुशार आहे, पोरं तिचं नाव घेऊन उड्या मारतात, सगळं खरं. पण विश्वास कशावर ठेवायचा, तेवढं सांगा."

मला बोलायची मनाई होती. नसती, तरी मी काय बोलणार होते? मी खडूने फळ्यावर लिहिले. अर्ध्याअधिक लोकांना वाचता येत नाही. म्हणून रोस्मेरी पुढे आली आणि तिने मोठ्याने वाचले:

"'हुस्तिनोकाका बरोबर बोलत आहेत. शाळा उघडणार नाही या भीतीने मी खोटे बोलले. आता चौदा दिवस पुन्हा मोजावेत.'"

शेवटचे वाक्य वाचताना तिचा आवाज बदलला. ते वाक्य काय करणार आहे, हे तेथे सर्वांत आधी तिलाच कळले. मला ते लिहून झाल्यावर कळले.

"आणि आम्ही तिघं?" साबिनाआजी बसूनच म्हणाल्या. "आम्ही काय तोंड उघडलं होतं? लाजच होती ती. तिची काय नि आमची काय."

"तुम्ही घरात नाही आलात, आजी," हुस्तिनो म्हणाले. "आकडा खोटा नाही सांगितलात."

ठराव झाला: पंचवीस तारखेपासून नव्याने मोजणी. नऊ मेपर्यंत बाई रेषेच्या आत. ताप दोन माणसांनी तापमापकात पाहून लिहायचा. माझ्या शब्दावर नाही. त्यानंतर दहा मेला शाळा.

वही फिरली. ज्यांना येते त्यांनी सही केली, बाकीच्यांनी अंगठे उठवले. आजींकडे वही आली तेव्हा त्यांनी शाईची डबी जवळ घेतली, अंगठा बुडवला, आणि एकवार नातीकडे पाहिले. मग अंगठा दाबला. बराच वेळ दाबून धरला.

रविवार, २ मे

३६.३. काका आणि हुस्तिनो यांनी पाहिला.

रोस्मेरी एकटीच आली. मी वाचायला दिलेले पुस्तक तिने दगडावर ठेवले.

"अर्धंच झालंय, बाई. शेवट सांगता?"

मी मान हलवून 'नाही' म्हटले आणि पुस्तक घेऊन जा, अशी खूण केली. तिने नेले नाही. म्हणाली, की तिकडे हरवेल.

दिवसभर शिक्षण कार्यालयाचे परिपत्रक वाचत बसले. मुलांनी किती अंतरावर बसावे, खिडक्या किती उघड्या असाव्यात, साबण कोठे ठेवावा, सारे आहे. शाळा कशी उघडावी, यावर नऊ पाने आहेत. शाळा म्हणजे काय, हे कोठेच दिलेले नाही. मी ती नऊ पाने चार वेळा वाचली. शेवट सांगायला हवा होता. निदान तेवढे तरी.

सोमवार, ३ मे

सकाळी ३६.४. आठच्या सुमारास खालून ट्रकचा भोंगा वाजला.

साखळी काढली गेली नाही. नोर्मा ट्रकमधूनच ओरडत होती, की मी याच मातीतली आहे, मला कसली साखळी लावता. आणि फर्मिन पाठीला पंप लावून शांतपणे उभा होता. फाटक शाळेच्या खाली, शंभरेक पावलांवर आहे. हवा स्वच्छ असली, की तेथले बोलणे वर स्पष्ट ऐकू येते.

आजी आणि रोस्मेरी घरातून निघाल्या. पोरीच्या पाठीवर गाठोडे होते. त्या शाळेवरून गेल्या, तेव्हा रोस्मेरीने मान वर केली नाही.

बांधावर दहा मुले येऊन बसली होती. कोणी बोलावले नव्हते. सणाचे कपडे घालून, केस ओले करून, भांग पाडून, नुसती बसली होती आणि खाली पाहत होती. शहाणपणाचे म्हणावे असे काहीही माझ्या डोक्यात नव्हते. मी आत गेले, कपाटातून हजेरीपट आणला, आणि रेषेच्या अगदी काठाशी, आतल्या बाजूला उभी राहिले.

"अबेल कुसी," मी म्हणाले.

आवाज आला तो घशातून नव्हे, जणू दगडावर दगड घासल्यासारखा. अबेल पहिल्या टोकाला बसला होता. त्याने चमकून पाहिले.

"हजर, बाई."

मी खूण केली. दुसरे नाव. तिसरे. मुले सरळ बसली. पाचव्या नावापर्यंत माझा आवाज पुरता गेला, आणि ज्या मुलाचे नाव घेतले त्यालाही ते ओठांवरून ओळखावे लागले. तेव्हा बांधावरची सर्वांत जवळची मुलगी, दुसरीतली, माझ्या ओठांकडे पाहून पुढचे नाव स्वतःच ओरडली. त्यापुढची नावे तिनेच ओरडली. उतारावरून माणसे वर येऊ लागली. हुस्तिनोही होते.

नववे नाव.

मी ते उच्चारले. मला स्वतःलाही ऐकू आले नाही. मुलीने ओठ वाचले, ती फाटकाकडे वळली आणि तिने दोन्ही हात तोंडाशी धरले.

"रोस्मेरी सुल्का!"

खाली ट्रकचे दार उघडे होते. गाठोडे आत टाकायला रोस्मेरीने हात वर केले होते. ते तसेच राहिले.

"चल गं, उशीर होतोय," नोर्मा म्हणाली.

"रोस्मेरी सुल्का!" या वेळी चार-पाच जण ओरडले.

पटावरचा नियम असा आहे, की तीन वेळा पुकारून उत्तर आले नाही, तर गैरहजेरी मांडावी. मी लेखणीचे टोक नावापुढच्या रकान्यात धरले होते. मी तिसऱ्यांदा ओठ हलवले, आणि दहाही जण बांधावर उभे राहून ओरडले. डोंगरातून ते नाव परत आले.

"हजर, बाई!"

इतक्या खालून, इतका मोठा आवाज.

नोर्मा ट्रकमधून उतरली. "हा काय पोरखेळ? शाळा दहाला उघडणार म्हणून मला निरोप आहे."

साबिनाआजींनी पोरीच्या हातातले गाठोडे घेतले, जमिनीवर ठेवले, आणि त्या त्याच्यावर बसल्या.

"ऐकलंस ना?" त्या म्हणाल्या. "पोर हजर म्हणाली."

"मग?"

"मग काय? वस्तीच्या कामावर नाव पुकारलं, आणि एकदा हजर म्हटलं, की काम उरकेपर्यंत माणूस हलत नाही. तुझा बाप कालव्याच्या कामावर तापानं फणफणत बसून राहिला होता, आठवतंय? इथलीच आहेस म्हणतेस ना तू?"

"आणि हे काम कधी उरकतं?"

"डिसेंबरात, शाळेचं वर्ष संपतं तेव्हा."

"डिसेंबरात! आणि तोवर माझ्याकडची धुणी कोण धुणार?"

हे बोलून गेल्यावर तिने वर पाहिले. उतारावर सगळे होते. सगळ्यांना ऐकू आले होते. फर्मिन म्हणाला, "ताई, आत यायचं असेल तर बूट पुढं करा. पंप भरलेला आहे. मग चौदा दिवस गोठा रिकामाच आहे."

ट्रकचे दार लागले. तो वळायला बराच वेळ लागला. तेथला रस्ता अरुंद आहे.

एवारिस्तोकाका ठरावांची वही काखेत धरून रेषेपाशी आले. त्यांनी खाली वाकून माझ्या पायांकडे पाहिले. चुना जसाच्या तसा होता. मी अलीकडे, मुले पलीकडे. त्यांनी हुस्तिनोंकडे पाहिले. हुस्तिनोंनी टोपी नीट केली आणि ते म्हणाले, "कोणी ओलांडली नाही रेषा. मी पाहत होतो."

रोस्मेरी धापा टाकत वर आली आणि बांधावर तिच्या जागी बसली. काकांनी वही उघडली, तारीख घातली, आणि लिहिता लिहिता, वर न पाहता म्हणाले,

"पुढचं नाव घ्या, बाई."

मी दहावे नाव घेतले.